जुन्या पिकअपच्या छताचं अस्तर: निवडायचं कसं, बसवायचं कसं आणि कोल्हापूरच्या पावसातून वाचवायचं कसं

आमच्या घरी महिंद्राची एफसी-१५० पिकअप आहे, १९६९ सालची नोंदणी. आबा तिच्यातून उद्यमनगरातलं कास्टिंग न्यायचे आणि हंगामात गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात पोहोचवायचे. गाडी माझ्याकडं आली तेव्हा केबिनच्या छताचं अस्तर फुगून डोक्यावर लोंबत होतं. मी घाईघाईनं नवं बसवून घेतलं. दुकानदारानं दाखवलेलं कापड छान होतं, काम एका दिवसात झालं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये सगळं अस्तर गाडी चालवताना माझ्या खांद्यावर आलं. दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा महिनाभर लागला, पण ते अजून टिकून आहे. त्या महिन्यात जे शिकलो ते पायरी-पायरीनं लिहितोय. जुनी पिकअप हातात आलेल्या माणसाला निदान माझ्यासारखं दोनदा काम करायला लागू नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. अस्तर स्वतःहून क्वचितच खराब होतं. त्याच्या वरचा पत्रा गळत असतो, गंजलेला असतो किंवा तापत असतो. आपण मात्र थेट कापडाच्या दुकानात जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून या लेखात कापडाची निवड पाचव्या पायरीवर आली आहे, आणि कृपा करून ती तिथंच राहू द्या.

काय काय लागेल

हत्यारं: स्क्रू ड्रायव्हरचा संच, प्लॅस्टिकची पट्टी (जुन्या पट्ट्या उचकटायला), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, धारदार कटर, मोजपट्टी, कापडी चिमटे किंवा लाकडाचे क्लॅम्प, रबराचा छोटा रोलर, टॉर्च, पाण्याचा पाइप, खडू.

सामान: खाकी कागद किंवा जाड पुठ्ठा, ३ मिमी हार्डबोर्ड, कापड किंवा रेग्झीन, उष्णता सहन करणारं रबरी सोल्यूशन (चिकटवायचा गोंद), पॉलियुरेथेन सीलंट, गंज बदलणारं द्रावण, प्राइमर, वॉर्निश, स्टेनलेसचे आखूड स्क्रू. धूळ आणि वासासाठी चांगला मास्क आणि हातमोजे. यात काटकसर नको.

कागदपत्रं: नुसतं अस्तर बदलायला आरटीओची परवानगी लागत नाही. पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर थोडं थांबा. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत यासाठी वेगळी तरतूद आली. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही मुख्य अट. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. शेतातला माल न्यायचा असेल तर हा रस्ता तुमचा नाही. अस्तर या अटीत येत नाही, तरीही उतरवण्याआधीचे फोटो, आरसी बुकाची प्रत आणि सामानाची बिलं एका फाइलमध्ये ठेवा. पुढं कुणी ‘मूळचं कसं होतं’ विचारलं तर उत्तर हाताशी असतं.

१. आपलं अस्तर कोणत्या जातीचं ते ओळखा

जुन्या गाड्यांत साधारण तीन प्रकार भेटतात.

पहिला, बोर्डाचा. पुठ्ठ्यासारखा किंवा हार्डबोर्डाचा कडक तक्ता वाकवून छताखाली बसवलेला, कडेनं धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू. १९५०-६० च्या दशकांतल्या कितीतरी पिकअपना हाच असायचा. मालवाहू गाडी, त्यामुळं आत थाटमाट नाही. काहींना तर अस्तरच नव्हतं, नुसता रंगवलेला पत्रा. तुमच्या गाडीत स्क्रूची भोकं किंवा पट्टीच्या खुणा नसतील तर हीही शक्यता धरा.

दुसरा, सळ्यांवर ताणलेल्या कापडाचा. अ‍ॅम्बॅसडर आणि जुन्या फियाटमध्ये असतो तसा. छताच्या आडव्या सळ्या कापडाला शिवलेल्या नळ्यांतून जातात.

तिसरा, साच्यातून काढलेल्या बोर्डावर फोम लावलेलं कापड. हे नंतरचं. टाटामोबाइल १९८८ ला आली; त्या काळातली आणि त्यानंतरची पिकअप असेल तर हा प्रकार बघा. यात कापड चांगलं असतं, पण मधला फोम दमट हवेनं आणि उष्णतेनं कुजतो. बोट फिरवलं की पिवळी भुकटी हातावर येते. कापड लोंबायला लागतं ते यामुळं. अशा ठिकाणी नुसतं सोल्यूशन मारून कापड परत चिकटवू नका. भुकटीवर काहीच धरत नाही. जुना फोम खरवडून पूर्ण काढावाच लागतो.

पुढचं सगळं मी बोर्डाच्या प्रकाराबद्दल लिहितोय, कारण तेच मी केलंय. सळ्यांच्या प्रकारात एकच सूचना देतो: प्रत्येक सळीचा बाक वेगळा असतो. काढताना पुढून मागं क्रमांक घाला, आणि डावी-उजवी बाजूही लिहा.

२. उतरवा, पण टाकू नका

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. मग क्रमानं सन व्हायझर, आरसा, छताचा दिवा, दारावरचं बीडिंग, कडेच्या पट्ट्या आणि शेवटी बोर्ड. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावा. पन्नास वर्षांपूर्वीचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर थेट छताच्या पत्र्यातून वर येतो.

बोर्ड खाली घेताना दोघं जण हवेत. वर वर्षानुवर्षांची धूळ, उंदरांची घरटी, सडलेला नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) असं सगळं असतं. आमच्या गाडीत तर भुईमुगाची टरफलं निघाली, मूठभर. मास्क लावूनच काम करा आणि लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी ओलसर फडक्यानं पुसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जुना बोर्ड तुकड्यांत निघाला तरी प्रत्येक तुकडा जपा. तोच तुमचा नमुना. माझ्याकडून पहिल्या वेळी तो भंगारात गेला आणि दुसऱ्यांदा मला पुठ्ठ्यावर तीन वेळा माप काढावं लागलं.

३. पाणी कुठनं येतंय ते शोधा

दुसऱ्या वेळी मी एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. मी कापडाचे नमुने काढून दाखवायला लागलो तर त्यांनी ते बाजूला ठेवले. म्हणाले, “आधी पाणी कुठनं येतंय ते बघ बाळ. कापड काय पळून जात न्हाई.”

त्यांनी शिकवलेली पद्धत अशी. अस्तर काढलेलं असताना एक जण टॉर्च आणि खडू घेऊन केबिनमध्ये बसतो. दुसरा बाहेरून पाइपानं पाणी सोडतो, पण जोरात नाही आणि वरून नाही. खालून सुरुवात करायची. आधी पुढच्या काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग दारावरची पन्हळ, मागची काच आणि शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. एकदम छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून उतरतं आणि नेमकी फट कळत नाही. आतल्या माणसानं पहिला थेंब दिसला तिथं नव्हे, तर पत्र्यावरची ओल जिथून सुरू होते तिथं खडूनं खूण करायची. पाणी पत्र्याच्या आतून हातभर सरकून दुसरीकडं टपकतं. माझ्या गाडीत थेंब दिव्याजवळ पडायचा आणि फट होती पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात.

जुन्या गाड्यांत हमखास गळणाऱ्या जागा या:

काचेचं रबर. उन्हानं कडक होऊन कोपऱ्यात आकसतं. वरून कितीही सीलंट भरलं तरी एक पावसाळा जेमतेम निघतो. रबर बदला.

पन्हळीचा जोड. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथं मिळतात तिथला जुना मसाला भेगाळतो. तो खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरा.

छतावर नंतर पाडलेली भोकं. कॅरिअर, एरियल, कधीकाळी लावलेला दिवा. वरून रंग मारलेला असतो आणि आतून प्रकाश दिसतो. अशी भोकं वेल्डिंगनं बंद करा.

इथं एक सापळा. हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमचं सिलिकॉन स्वस्तात मिळतं आणि पुष्कळजण तेच भरतात. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून सुकताना आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्यावर ते गंजाला आमंत्रण देतं. शिवाय त्यावर रंग धरत नाही. ते पत्र्यावर वापरू नका.

सगळं भरून झालं की दोन दिवसांनी हीच परीक्षा पुन्हा करा. त्यात पास झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी पहिल्या वेळी हीच पायरी गाळली होती.

४. पत्रा आणि उष्णता

गंज तारेच्या ब्रशनं घासा, सैल पापुद्रे पूर्ण काढा, गंज बदलणारं द्रावण लावा. काळपट रंग येऊन ते वाळलं की प्राइमर. साधं रेड ऑक्साइडही चालतं, झिंक फॉस्फेटचं अधिक चांगलं. पत्र्याला आरपार भोकं असतील तर पुट्टीनं झाकू नका, पॅच वेल्ड करून घ्या. वेल्डिंग करताना केबिनमध्ये सोल्यूशन, थिनर, जुना नमदा काहीही नको.

उष्णतेचं कारण एफसीसारख्या गाडीत दुहेरी आहे. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या माणसाच्या मधेच बसलेलं, आणि वर एप्रिलचं ऊन. बंद केबिनमध्ये उन्हाळ्यात दुपारी तापमान सहज साठ अंशांच्या पुढं जातं. त्यामुळं पत्रा आणि बोर्ड यांच्यामध्ये काहीतरी हवं.

पत्र्याचा कर्कश आवाज कमी करायला ब्युटाइल रबराच्या, वर अ‍ॅल्युमिनियम असलेल्या शीट मिळतात. सगळं छत झाकायची गरज नाही. पत्र्याच्या मोकळ्या मधल्या भागात साधारण तिसरा हिस्सा झाकला तरी आवाज बसतो. डांबरी शीट स्वस्त असतात, पण छताला नकोत. उन्हानं मऊ होऊन खाली येतात. उष्णतेसाठी बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा पातळ फोम लावा. नमदा आणि ज्यूट पूर्वी वापरायचे, मूळपणा जपायचा असेल तर मोह होतो. पण आमच्या हवेत नमदा एकदा ओला झाला की महिनाभर वाळत नाही. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावड्याकडं गाडी राहणार असेल तर नमद्याचा विचारच सोडा.

बोर्ड पत्र्याला चिकटवू नका. मधे बोटभर हवा राहू द्या. थंडीतल्या सकाळी पत्र्याला आतून दव धरतं, ते वाळायला जागा लागते.

याच टप्प्यावर दिव्याची तार बदला. कापडी आवरणाच्या जुन्या तारा हात लावला की तडकतात. नवी तार, त्यात फ्यूज, आणि पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रॉमेट (भोकात बसणारी कडी).

५. बोर्ड आणि कापड निवडणं

अमेरिकन पिकअप असेल, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतली शेव्हर्ले किंवा फोर्ड, तर तयार बोर्ड परदेशातून मागवता येतो. तेव्हा नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. साल, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत काचा आहेत की नाहीत, दिवा कुठं आहे, हे फोटोसह कळवा. पार्सल गुंडाळून येणार की सपाट, तेही विचारा. घडी घालून आलेला बोर्ड घडीवरच मोडतो. गुंडाळून आला असेल तर उबदार खोलीत दोन दिवस सपाट ठेवा, मगच हात लावा.

आपल्याकडच्या गाड्यांना असं तयार काही मिळत नाही. बनवावंच लागतं, आणि कोल्हापुरात ते कठीण नाही.

बोर्डासाठी पर्याय तीन. प्लायवूड: मला पहिल्या वेळी हेच बसवून दिलं होतं. जड, वाकत नाही, कडेनं पाणी पितं आणि थर सुटतात. नको. फायबरचा साचा काढून घेणं: टिकाऊ, पाण्याला दाद देत नाही, पण साच्याचा खर्च एका गाडीसाठी परवडत नाही. आणखी दोन-तीन मालक सोबत असतील तर जरूर करा. हार्डबोर्ड: मूळच्या सगळ्यात जवळचा, वाकवता येतो, आणि नीट सील केला तर वर्षानुवर्षं राहतो. मी हा घेतला. तेल पाजलेला, गडद तपकिरी प्रकार मागा. फिक्या रंगाचा लवकर फुगतो.

आता कापड. रेग्झीन धुता येतं, डाग पडत नाहीत, मालवाहू गाडीला शोभतं. बारीक छिद्रांचं असेल तर आवाजही कमी घुमतो. विणीचं कापड दिसायला उबदार, पण धूळ आणि वास धरतं. माझं मत स्पष्ट आहे: गाडी वापरात असेल तर रेग्झीन, फक्त प्रदर्शनाला असेल तर मूळ होतं ते. रंग फिका घ्या. गडद अस्तरानं लहान केबिन आणखी लहान वाटते.

कापड बघायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जा, दोन-चार दुकानं फिरा, पण पहिल्याच दिवशी घेऊ नका. वीतभर नमुने आणा आणि या परीक्षा करा:

नमुना आठवडाभर डॅशबोर्डवर उन्हात ठेवा. रंग उतरला, चिकट झाला किंवा उग्र वास आला तर बाद.

दोन्ही दिशांनी ताणा. बोर्डाला बाक आहे, त्यामुळं थोडं ताणलं जाणारं हवं. अजिबात न ताणणारं कोपऱ्यात चुण्या पाडतं.

मागं फोम असेल तर अंगठ्यानं घासा. आत्ताच भुगा होत असेल तर कुजायला सुरुवात झालेली आहे.

आगीचं विचारा. वाहनाच्या आतल्या कापडासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. कापड ठरावीक वेगापेक्षा जलद जळता कामा नये, असं ते सांगतं. सोफ्याच्या कापडाला ही हमी नसते. एफसीमध्ये इंजिन मांडीशेजारी आहे, म्हणून मी यात तडजोड केली नाही.

रेग्झीनचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो. आमच्या केबिनला दोन मीटर पुरलं, आणि उरलेला तुकडा व्हायझरला वापरला. एकाच ताग्यातून घ्या. नंतर तुकडा आणायला गेलात तर छटा जुळत नाही.

६. बोर्ड तयार करणं

जुन्या बोर्डावरून पुठ्ठ्याचा नमुना काढा, मधली रेषा आखा आणि नमुना केबिनमध्ये लावून बघा. जुना बोर्ड आकसलेला असतो, म्हणून कडेनं बोटभर जास्त ठेवा. कापणं नेहमी शक्य असतं, जोडणं नाही.

हार्डबोर्ड कापल्यावर त्याच्या खरबरीत बाजूला ओलं फडकं फिरवा, थोडा वेळ मुरू द्या आणि छताच्या बाकाइतका वाकवून क्लॅम्प लावून ठेवा. पूर्ण वाळायला दोन दिवस द्या. मग बसवून बघा, कडा घासा, दिव्याचं आणि स्क्रूचं भोक पाडा. त्यानंतरच सील करा: दोन्ही बाजू, चारी कडा आणि प्रत्येक भोकाची आतली कड. वॉर्निशचे दोन हात. पाणी बोर्डात शिरतं ते कडेनं आणि भोकातून, आणि लोक नेमकं तेच रंगवायचं विसरतात.

हे काम कधी करायचं? नोव्हेंबर ते मे. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी पुराच्या ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकत असताना बोर्ड वाकवायला आणि सोल्यूशन लावायला घेऊ नये. हवेत एवढी ओल असते की सोल्यूशनवर पांढुरकी साय धरते आणि चिकटत नाही.

७. चिकटवणं आणि बसवणं

माझं पहिलं अस्तर पडलं त्यात गळतीइतकाच दोष सोल्यूशनचा होता. साधं स्प्रे सोल्यूशन पुठ्ठ्याला ठीक, तापलेल्या छताला नाही. डब्यावर उष्णता सहन करण्याचा आकडा बघा. ८० अंशांच्या वरचं घ्या.

आधी छोट्या तुकड्यावर लावून एक दिवस उन्हात ठेवा. काही सोल्यूशन पातळ कापडातून आरपार डाग पाडतात, काही फोम खातात.

मग बोर्डाची गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरनं हलकी घासा. सोल्यूशन बोर्ड आणि कापड दोन्हींना पातळ लावा. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, साधारण दहा-पंधरा मिनिटं. ओलं असताना जोडलं तर आत वाफ कोंडून फुगे येतात. मधल्या रेषेपासून सुरुवात करून कडेकडं रोलर फिरवा. कडेचं कापड मागं दुमडून चिकटवा. गोल कोपऱ्यात लहान त्रिकोणी खाचा मारा. हे सोल्यूशन पेट घेतं. दारं-खिडक्या उघडी, जवळ विडी-सिगारेट नाही, देवघरातली निरांजनही नाही.

चोवीस तासांनी बसवा. दोघं जण लागतात. मधून आधार देत पुढची कड आधी, मग मागची, मग बाजू. सगळे स्क्रू आधी सैल, शेवटी घट्ट. नवं भोक पाडावं लागलंच तर ड्रिलच्या टोकापासून १० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ड्रिल छत फोडून वर जाणार नाही.

८. जपणं

गाडी उन्हात लागणार असेल तर पुढच्या काचेला आतून पडदा. झाकायला सुती, हवा खेळणारं कापड घ्या. प्लॅस्टिकची ताडपत्री ओल आत कोंडते. २०१९ च्या महापुरात आमच्या शेडपर्यंत पाणी आलं नव्हतं, पण गाडी ताडपत्रीखाली पंधरा दिवस बंद राहिली आणि सीटला पांढरी बुरशी धरली. आता पावसाळ्यातही ऊन पडलं की तासभर दारं उघडी ठेवतो.

उंदरांसाठी पायाजवळची आणि वायरिंगची भोकं बारीक जाळीनं बंद करा. रेग्झीन पुसायला कोमट पाणी आणि शाम्पूचे दोन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं. कापडी अस्तर भिजवू नका, फेसच वापरा. थिनर किंवा पेट्रोलनं कधीही पुसू नका; रेग्झीनमधला मऊपणा जातो आणि वर्षभरात तडे पडतात. दसऱ्याला झेंडूची तोरणं बांधायची तर व्हायझरच्या दांड्याला बांधा, अस्तराला टाचणी नको.

वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि दसऱ्यानंतर, अस्तर तळहातानं सगळीकडं दाबून बघा. कुठं कुरकुर आवाज आला तर तिथलं सोल्यूशन सुटतंय. दिव्याचं कव्हर काढून त्या भोकातून टॉर्च मारली की वरचा पत्रा कोरडा आहे का ते दिसतं. माझा यंदा कोरडा निघाला, फक्त मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर ओलीची खूण होती. त्या काचेचं रबर मी बदललेलं नव्हतं, ते आता दिवाळीनंतर बदलणार आहे.